खांदेरी : देशावरच्या राज्याचा जलदुर्ग
(प्रस्तावना)

मुंबई बंदराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोरच्या समुद्रात, खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे शेजारीशेजारी उभी आहेत. उंदेरी लहान, सखल आणि किनाऱ्याच्या अधिक जवळ आहे. खांदेरी तिच्यापेक्षा मोठी, दोन टेकड्यांची आणि खोल पाण्यात किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत आहे. दक्षिणेकडून मुंबईला येणारे प्रत्येक तारू या बेटांच्या नजरेखालून जात असल्यामुळे ज्याच्या हाती खांदेरी, त्याला मुंबईची ये-जा मोजता येत असे आणि वेळ पडल्यास अडवताही येत असे. १६७९ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी या बेटावर तट बांधायला घेतला, तेव्हापासून १८१८ पर्यंतच्या जवळजवळ एकशे चाळीस वर्षांत मराठे, इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी या तिघांच्या राजकारणात हे छोटेसे बेट वारंवार मध्यभागी आले. त्या जलदुर्गाचा इतिहास हाच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या काठी, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत राहणाऱ्या वाचकाला हा विषय आरंभी दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. या मुलखाचा इतिहास पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेतीचा, ज्वारी-बाजरीचा, दुष्काळाचा आणि पुढे नीरेच्या कालव्याने व उजनीच्या धरणाने बदललेल्या शिवारांचा आहे. समुद्र येथून सह्याद्रीपलीकडे राहिला. तरीही खांदेरीचा तट ज्या राज्याने उभारला, त्या राज्याची पहिली मुळे याच मातीत होती. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे होते. त्यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते आणि त्यांची समाधी इंदापुरातच दाखवली जाते. १६५६ मध्ये सुप्याचा कारभार संभाजी मोहिते यांच्याकडून काढून घेऊन शिवाजी महाराजांनी जहागिरीवरील आपली पकड पक्की केली आणि पुढच्याच वर्षी, १६५७ च्या ऑक्टोबरात, कल्याण आणि भिवंडी घेऊन मराठी सत्ता खाडीच्या पाण्यापर्यंत पोहोचवली. सुप्यापासून कल्याणपर्यंतचे हे अंतर अवघ्या एका वर्षात कापले गेले, आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात तेथूनच झाली. देशावरच्या घोडदळाच्या बळावर उभ्या राहिलेल्या सत्तेने समुद्रात किल्ला का बांधावा, तो कसा टिकवावा आणि अखेरीस तो तिच्या हातून का जावा, हे प्रश्न म्हणूनच कोकणाइतकेच देशाचेही आहेत.

जलदुर्ग म्हणजे चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला किल्ला. मराठी कागदपत्रांत त्याला जंजिरा असेही म्हणतात. मुरूडसमोरचा सिद्द्यांचा किल्ला इतका गाजला की हे सामान्यनाम पुढे त्याच्यापुरतेच रूढ झाले. गिरिदुर्गाला डोंगराचा कडा राखतो आणि भुईकोटाला खंदक, तर जलदुर्गाला राखणारे पाणीच त्याचा रोजचा शत्रूही असते, कारण भरती-ओहोटी आणि पावसाळी लाटा तटाचा पाया सतत पोखरत असतात. खांदेरीवर या अडचणीवर काढलेला तोडगा आजही दिसतो. तटाच्या बाहेर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात, मोठमोठे ओबडधोबड दगड सैल टाकून दिलेले आहेत. त्यांच्यावर आदळून लाटेचा जोर तटाला भिडण्यापूर्वीच मोडतो, आणि त्या दगडांवर पिढ्यान्‌पिढ्या चिकटत गेलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांमुळे होडीतून उतरून तटाकडे धावणाऱ्या माणसाचे पाय पहिल्या काही पावलांतच रक्ताळतात. संरक्षणाची ही रचना करणाऱ्याला लाट, दगड आणि समुद्रातील जीव या तिन्हींचे ज्ञान होते, आणि हे ज्ञान देशावरून आलेले नव्हते; ते किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी आणि आगरी समाजांच्या पिढीजात अनुभवातून आलेले होते.

खांदेरीचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची मुंबई लक्षात घेणे आवश्यक आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झालेल्या विवाहाच्या करारात, १६६१ मध्ये, मुंबई बेट इंग्रजांना मिळाले आणि १६६८ मध्ये राजाने ते वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. बंदर उत्तम होते, परंतु धान्य, सरपण आणि इमारती लाकूड या रोजच्या गरजांसाठी मुंबईला समोरच्या किनाऱ्याकडे पाहावे लागे, आणि त्या किनाऱ्याचा मोठा भाग मराठ्यांच्या ताब्यात होता. दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या आश्रयाने आरमार बाळगून मराठी मुलखावर धाडी घालत असे आणि पावसाळ्यात आपली जहाजे मुंबईच्या माझगाव बंदरात आणून ठेवत असे. इंग्रजांना मोगलांशी व्यापार करावयाचा असल्यामुळे सिद्द्याला नकार देण्याचे धैर्य होत नव्हते, तर मराठ्यांच्या दृष्टीने शत्रूला आसरा देणारे बंदर तटस्थ म्हणता येत नव्हते. या कोंडीवर महाराजांनी शोधलेला उपाय म्हणजे खांदेरी. मुंबईवर थेट हल्ला न करता मुंबई आणि जंजिरा यांच्या मधोमध, दोघांच्याही वाटेवर, कायमची चौकी बसवावयाची, असा हा विचार होता.

तो पहिल्याच प्रयत्नात साधला नाही. १६७२ मध्ये बेटावर बांधकामाची तयारी सुरू झाली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांनीही हरकत घेतल्याने ती सोडावी लागली. १६७९ मध्ये मात्र वेळ विचारपूर्वक निवडली गेली. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यामुळे मोठी जहाजे बंदराबाहेर काढणे अवघड असते. तो ओसरू लागताच, ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या आरंभी, मायनाक भंडारी यांच्या हाताखाली सुमारे दीडशे माणसे सामानासह बेटावर उतरली आणि तट चढू लागला. मुंबईकरांनी निषेधाचे निरोप पाठवले आणि बेट मुंबईच्या हद्दीतील असल्याचा दावा केला. त्याला मायनाकांचे उत्तर असे की आपण धन्याच्या हुकमाने आलो आहोत आणि हुकमावाचून जाणार नाही. सप्टेंबरात इंग्रजांची जहाजे बेटाभोवती फिरू लागली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटाच्या फार जवळ गेला आणि तटावरून झालेल्या माऱ्यात ठार झाला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांची पन्नासच्या आसपास गलबते किनाऱ्याकडून अचानक चालून आली. गलबत म्हणजे वल्ह्यांवर आणि शिडावर चालणारी हलकी लढाऊ नौका. उथळ पाण्यात शिरणे आणि वारा पडला तरी पुढे जाणे तिला सहज जमत असे. गुराब ही तिच्याहून मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, जड तोफा वाहणारी नौका. त्या दिवशी डोव्हर नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली आणि तिच्यासोबतच्या लहान नौका पांगल्या. रिचर्ड केग्विन आणि विल्यम मिंचिन हे इंग्रज अधिकारी ज्या जहाजावर होते, ते रिव्हेंज हे फ्रिगेट मात्र एकटे झुंजत राहिले आणि त्याच्या तोफांपुढे मराठी गलबते नागोठण्याच्या खाडीकडे मागे वळली. लढाईच्या या भागात इंग्रजांचे पारडे जड राहिले, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे आहे.

परंतु लढाई जिंकूनही इंग्रजांना बेट मिळाले नाही, आणि खांदेरीच्या इतिहासाचे खरे मर्म येथे आहे. वेढ्याचा हेतू बेटावरची रसद तोडणे हा होता आणि तोच साधला नाही. इंग्रजांची मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरून राहत, तर मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात, थळ आणि नागावच्या किनाऱ्यावरून, वल्ह्यांच्या बळावर त्यांच्यामधून निसटून बेटाला दाणागोटा, दारूगोळा आणि ताज्या दमाची माणसे पोहोचवत. नोव्हेंबरात सिद्दी कासीम आपले आरमार घेऊन इंग्रजांना येऊन मिळाला, तरी तट चढतच राहिला. म्हणून जलदुर्गाची ताकद केवळ त्याच्या भिंतींत मोजता येत नाही. समोरचा किनारा, किनाऱ्यामागचा मुलूख, त्या मुलखातील धान्याची कोठारे, सागरगडासारखे पाठराखण करणारे डोंगरी किल्ले आणि घाटावरून उतरणारी फौज, अशी साखळी बेटापासून सह्याद्रीपर्यंत अखंड असेल, तरच बेट टिकते. ही साखळी १६७९ मध्ये अखंड होती आणि तिचे एक टोक पुणे, सुपे, इंदापूर या परगण्यांच्या वसुलात व मनुष्यबळात रोवलेले होते.

इंग्रजांनी अखेर खर्च आणि व्यापाराचा हिशेब करून माघार घेतली आणि १६८० च्या आरंभी मराठ्यांशी तह केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. दरम्यान त्याच वर्षीच्या जानेवारीत सिद्द्याने शेजारच्या उंदेरीवर माणसे उतरवून तेथे आपला किल्ला बांधायला घेतला. दौलतखानाने त्याला हुसकण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला आणि खान स्वतः जखमी झाला. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा तोफेच्या टप्प्यात एकमेकींकडे तोंड करून उभी असलेली दोन वैरी बेटे हा वारसा संभाजी महाराजांकडे आला. उंदेरी घेण्याचा त्यांचा प्रयत्नही यशस्वी झाला नाही, आणि पुढे सुमारे ऐंशी वर्षे, म्हणजे १७६० च्या सुमारास उंदेरी मराठ्यांनी घेईपर्यंत, खांदेरीच्या गस्तीचा मोठा भाग या शेजाऱ्याला रोखण्यात खर्ची पडला.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात खांदेरीचे नाव कान्होजी आंग्रे यांच्याशी जोडले गेले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना छत्रपती शाहूंच्या पक्षात आणले. त्या समझोत्यात त्यांना सरखेल, म्हणजे आरमाराचे सेनापती, हे पद आणि खांदेरीसह दहा प्रमुख किल्ले मान्य झाले. मराठी पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावे, म्हणजे शुल्क भरून प्रवासाचा परवाना घ्यावा, अशी कान्होजींची मागणी होती. युरोपीय व्यापाऱ्यांनी तिला चाचेगिरी म्हटले, परंतु पोर्तुगीज आपल्या पाण्यात शतकाहून अधिक काळ नेमके हेच करत आले होते. किनाऱ्याच्या धन्याने आपल्या समुद्रावर हक्क सांगणे हा राज्यसत्तेचाच भाग होता. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ च्या नोव्हेंबरात मोठी तयारी करून खांदेरीवर हल्ला केला, तोही फसला. ज्या शहराच्या तोंडावर हा किल्ला उभा होता, त्या शहराला तो शस्त्राच्या जोरावर कधीच घेता आला नाही.

मग तो गेला कसा, याचे उत्तर पुन्हा समुद्राबाहेर सापडते. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले आणि काही वर्षांतच आंग्रे घराणे आपसांत विभागले गेले. मानाजी कुलाब्याला आणि संभाजी, त्यांच्यामागून तुळाजी, विजयदुर्गाच्या बाजूला, अशी दोन सत्ताकेंद्रे झाली. याच काळात पुण्यातील सत्ता उत्तरेकडील मोहिमांत गुंतत गेली आणि त्या मोहिमा सावकारांच्या कर्जावर चालू लागल्या. बारामतीचे जोशी हे अशा मातबर सावकारांपैकी एक घराणे होते. त्यांच्यापैकी बाबूजी नाईक यांना बाजीरावांच्या मृत्यूनंतर, १७४० मध्ये, पेशवेपद मिळावे म्हणून नागपूरकर रघूजी भोसल्यांनी खटपट केली होती, यावरून देशावरच्या पैशाचे राजकारणातील वजन किती वाढले होते हे कळते. कऱ्हेकाठचा त्यांचा वाडा आणि त्यांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेले कवी मोरोपंत ही त्या वैभवाची ओळख आजही सांगितली जाते. आरमाराला मात्र या वैभवाची जोड पुरेशी मिळाली नाही. उलट तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांचीच मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्गाच्या बंदरात मराठी जहाजे जाळली. देश आणि किनारा यांचा जो मेळ खांदेरीच्या पायात घातला गेला होता, तो मराठी राज्याने आपल्याच हाताने मोडला; त्या एका निर्णयाची किंमत पुढच्या सगळ्या पिढ्यांनी मोजली.

खांदेरी त्यानंतरही साठ वर्षे मराठ्यांकडे राहिली, पण ती लढणारी चौकी उरली नव्हती. आंग्रे घराण्यातील वारसाच्या तंट्यांत ती पेशव्यांच्या ताब्यात गेली आणि १८१८ मध्ये पेशवाईच्या इतर मुलखाबरोबर कंपनीकडे आली. त्या युद्धातले निर्णायक प्रसंग खडकी, कोरेगाव आणि बापू गोखले जेथे पडले ती सोलापूर भागातील आष्टी, अशा देशावरच्या रणांगणांवर घडले होते. तेथे राज्य गेले, तेव्हा समुद्रातील बेट लढवण्याला अर्थ राहिला नाही. तोफांनी, वेढ्यांनी आणि दोन आरमारांच्या एकजुटीने जे साधले नव्हते, ते भीमेच्या खोऱ्यातील पराभवाने आपोआप झाले.

इंग्रजी अमलात या बेटाचे काम बदलले. मुंबईचा व्यापार वाढला आणि बंदराच्या वाटेवरचे हे खडक रात्री धोक्याचे ठरू लागले, म्हणून १८६७ मध्ये उंच टेकडीवर दीपगृह उभारण्यात आले. ज्या बेटावरून मुंबईची जहाजे अडवली जात, तेथूनच त्यांना वाट दाखवली जाऊ लागली. पुढे स्वतंत्र भारतात या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. आसपासच्या कोळीवाड्यांनी मात्र बेटाशी असलेले नाते राज्ये बदलली तरी सोडले नाही. तटाच्या आत वेताळाचे ठाणे आहे. तेथे शुभ्र रंग दिलेल्या मोठ्या शिळेची पूजा होते आणि मासेमारीला जाणारे लोक तिच्या कौलावर श्रद्धा ठेवतात. लोखंडी गाड्यांवर अजून उभ्या असलेल्या जुन्या तोफा आणि हे ठाणे एकाच तटाच्या आत नांदतात. किल्ल्याचा अभ्यास करताना दोहोंना सारखेच महत्त्व देणे योग्य ठरेल, कारण एक राजसत्तेची साक्ष आहे आणि दुसरी, ज्यांच्या होड्यांनी ती सत्ता समुद्रावर तरंगती ठेवली, त्यांची.

साधनांविषयीही येथे काही सांगणे भाग आहे. १६७९ च्या संघर्षाचा दिवसवार तपशील प्रामुख्याने सुरत आणि मुंबई येथील इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारातून मिळतो. ही पत्रे वरिष्ठांना खुलासा देण्यासाठी लिहिलेली असल्याने पराभवाची कारणे वारा, प्रवाह आणि हाताखालच्या माणसांवर ढकलण्याकडे त्यांचा कल असतो. तरी घटनाक्रमासाठी त्यांना पर्याय नाही. मराठी बखरी राज्यकर्त्यांचा हेतू आणि जलदुर्गांचे महत्त्व सांगतात, पण समुद्रावरच्या रोजच्या हालचाली त्यांत क्वचितच उतरतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले असून जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या झाडांना तिच्या संमतीशिवाय हात लावू नये, अशी ताकीद आहे. राज्याच्या समुद्रविषयक विचाराची परिपक्वता त्यातून दिसते. या सर्व साधनांत मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्यासारखी मोजकीच नावे हाती लागतात. पाथरवट, वल्हे मारणारे खलाशी, रात्री दाणागोटा पोहोचवणारे कोळी यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचा इतिहास तटाच्या दगडांवरून, होड्यांच्या घडणीवरून आणि किनाऱ्यावरच्या परंपरांवरून उभा करावा लागतो, आणि तसा प्रयत्न करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील बारा किल्ल्यांमध्ये शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे पुणे जिल्ह्यातील तीन डोंगरी किल्ले आहेत आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी किल्लेही आहेत. भारतीय नौदलाने २०१९ मध्ये सेवेत घेतलेल्या पाणबुडीचे नावही खांदेरी आहे. हे गौरव उचितच आहेत, परंतु त्यांच्याबरोबर जबाबदारीही येते. खाऱ्या हवेत लोखंडी तोफा झिजत आहेत, तटाच्या सांध्यांत झाडे मुळे धरत आहेत आणि पावसाळ्याचे महिने बेटाकडे जाणेच शक्य नसल्यामुळे देखभालीला वर्षातला थोडाच काळ मिळतो. दरवर्षी नियमाने तटाची पाहणी, झाडोरा काढणे, ढासळलेला दगड जागीच बसवणे आणि तोफांना गंजरोधक लेप देणे ही साधी पण अखंड चालणारी कामे झाली, तरच हा वारसा पुढे जाईल.

वारसा यादीने डोंगरी आणि सागरी किल्ले एकाच नावाखाली आणले, ही या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट होय, कारण इतिहासात ते एकाच व्यवस्थेचे भाग होते. शाळेतील पाठांनी आणि पर्यटनाच्या वाटांनी त्यांची ताटातूट केली. देशावरचा वाचक गड ओळखतो आणि जलदुर्गांना कोकणाच्या हवाली करतो. ती फारकत मिटवणे हा या ग्रंथाचा उद्देश आहे. खांदेरीवर जे घडले, ते सुपे, इंदापूर आणि बारामती यांच्या इतिहासाचाच समुद्रातला भाग आहे. घाटमाथा आणि किनारा यांनी एकमेकांना धरून ठेवले, तोवर खांदेरी अजिंक्य होती; ती पकड सुटली आणि राज्याचा समुद्र गेला, समुद्रामागून राज्य गेले. नीरा-भीमेच्या काठच्या वाचकाने हा इतिहास आपला म्हणून वाचावा, अशी या प्रस्तावनेची मनापासूनची अपेक्षा आहे.